पिवळा लिहा, तोडकर

“हा रंग कोणता?”

“नारिंगी, सर.”

“नीट बघा.”

मी नीट बघितलं. डॉ. ठोंबरे सरांनी टेस्ट ट्यूब खिडकीच्या उजेडात तिरकी धरली होती. तळाशी बारीक सुयांसारखे स्फटिक साचले होते आणि नळी हलली की ते लखलखत होते.

“नारिंगीच आहे, सर. किंचित तांबूस म्हटलं तरी चालेल.”

“तांबूस!” ठोंबरे सरांनी शेजारी उभ्या असलेल्या खळदकर सरांकडे बघितलं. मी चारचौघांत शिवी हासडली असती तरी ते याहून जास्त दचकले नसते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, साखर कारखान्याला लागून. वारा फिरला की मळीचा वास वर्गात यायचा आणि प्रयोगशाळेतला सडक्या अंड्यांचा वास व्हरांड्यात जायचा. खळदकर सर आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. ठोंबरे सर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल. एक्स्टर्नलचा थाट आमच्याकडे नव्या जावयासारखा. सकाळी खळदकर सरांच्या घरी शिरा-पोहे झाले होते आणि दुपारी कारखान्याच्या गेस्ट हाउसवर मटणाचा बेत होता. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, कारण ठोंबरे सर नळ्या कमी आणि घड्याळ जास्त बघत होते.

परीक्षेत प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एक पांढरी पूड मिळायची आणि त्यात कोणता धातू आहे हे तपासून लिहायचं असायचं. तपासायचं म्हणजे आपलं म्हणायचं. आदल्या दिवशी खळदकर सरांनी वर्गात शंका-समाधान ठेवलं होतं. शंका कुणालाच नव्हती, समाधान मात्र सगळ्यांचं झालं. “शिशाचा अभ्यास जरा मन लावून करून या,” असं म्हणून सर दोनदा खोकले होते. शिशाची खूण सोपी. शिशाच्या क्षाराचं पाणी आणि पोटॅशियम आयोडाइडचं पाणी, दोन्ही नितळ. एकात दुसरं ओतलं की हळदीसारखा पिवळा साका खाली बसतो. ‘साका पिवळा, म्हणून शिसे.’ एवढं लिहिलं की माणूस पास.

मलाही खोकला ऐकू आला होता. पण मला प्रयोग करायची हौस होती. वर्षभर आम्ही नळ्या विसळण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं आणि परीक्षेच्या दिवशी तरी रसायनं हाताला लागतील म्हणून मी खूश होते. मी पूड पाण्यात टाकली, तर पाणी ताकासारखं झालं. शिशाची असती तर स्वच्छ विरघळायला हवी होती. मी हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. शिसं असतं तर पांढरा साका आला असता. इथे उलट सगळं निवळलं. मग पोटॅशियम आयोडाइड ओतलं. आधी पिवळट काहीतरी उमटलं आणि मी मनात म्हटलं, चला, शिसं तर शिसं. पण मी बघत असतानाच त्या पिवळ्यात सुया उगवायला लागल्या आणि सगळी नळी खालून वर नारिंगी होत गेली. इतकं सुंदर काही मी त्या प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं. कथील! टिनचा क्षार आयोडाइडबरोबर असा वागतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. खात्रीसाठी आणखी एक चाचणी केली, तीही कथलाचीच आली.

गोम अशी होती की आमच्या कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलं आम्लाच्या वाफेने कधीच खाऊन टाकली होती. खळदकर सर आठवणीने बाटल्या ओळखायचे. त्या दिवशी आठवण चुकली.

माझ्या शेजारच्या टेबलावर यशोधन रणनवरे होता. संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे चेअरमन बापूसाहेब रणनवरे यांचा एकुलता एक मुलगा. उंच, शांत, नेहमी कडक इस्त्रीच्या कपड्यांत. तीन वर्षं आमची टेबलं शेजारी आणि तीन वर्षं त्याचा मला एकच प्रश्न. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून रसायन थेंब थेंब सोडताना तो हळूच विचारायचा, “तोडकर, आला का रंग?” मी “आला” म्हटलं की तो कॉक बंद करायचा. आम्ही पोरी मागून हसायचो. श्रीमंताघरचं पोर, स्वतःच्या नळीत बघायचेसुद्धा कष्ट नकोत! त्या दिवशीही त्याने विचारलं.

“तोडकर, काय आलं तुमचं?”

“नारिंगी.”

“पिवळा नाही?”

“आधी पिवळा होता. आता नारिंगी आहे. तुमचाही तसाच झालाय की.”

त्याने आपली नळी डोळ्यांसमोर धरली, बराच वेळ धरली. मग खाली ठेवून त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, याला लिहायचाही कंटाळा.

मी ‘कथील’ लिहून कागद दिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

ठोंबरे सरांना आधी वाटलं, मुलगी चुकली. नळी बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मुलगी बरोबर आहे. पण मी बरोबर असेन तर उरलेला सगळा वर्ग चुकलेला. सगळा वर्ग चुकला ते एक वेळ चाललं असतं, पण सगळ्यांनी एकच चूक केली होती, तीही समोर नारिंगी साका दिसत असताना. असं का झालं, हे कुणीतरी विचारणारच. विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. ते काम ठोंबरे सरांचंच होतं. आणि गेस्ट हाउसवर रस्सा उकळत होता.

खळदकर सरांनी मला खिडकीपाशी बाजूला घेतलं. आवाज एकदम घरगुती झाला.

“तोडकर, तुम्ही हुशार आहात. मग व्यवहार कळायला नको का? पिवळा लिहा.”

“पण सर, पिवळा नाहीये तो.”

“आधी पिवळा झाला होता ना?”

“हो, क्षणभर.”

“मग त्या क्षणाचं लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही.”

“आणि पुढचं?”

“पुढचं कोण विचारतंय?”

मला फर्स्ट क्लास हवा होता. फर्स्ट क्लास आला तर एम.एस्सी.ला पाठवू, असं वडिलांनी कबूल केलं होतं. ते एस.टी. डेपोत कंट्रोलर होते आणि दिलेला शब्द गाडीच्या वेळेसारखा पाळायचे. दोन अक्षरं बदलली की काम झालं असतं. मी पेनही उघडलं. पण समोर ती नळी होती आणि ती दर मिनिटाला जास्तच नारिंगी होत चालली होती. तिच्या देखत मला ते लिहिता येईना. त्यात धैर्यबिर्य काही नव्हतं. आपण लग्नाला गेलो आणि नवरदेवाला समोर बघूनही ‘नवरदेव आलाच नाही’ असं म्हणायचं, तसं काहीतरी वाटलं.

“सर, मला नाही जमत.”

खळदकर सर सरळ झाले आणि वर्गाकडे वळून ओरडले, “चला, सगळ्यांनी नळ्या धुऊन टाका! स्वच्छतेचे मार्क असतात!”

नळ उघडले आणि बघता बघता सगळ्या वर्गाचा पुरावा मोरीतून वाहून गेला. फक्त दोन नळ्या उरल्या. एक माझी, ठोंबरे सरांच्या हातातली. दुसरी यशोधनची, कारण अध्यक्षांच्या मुलाला नळी धू म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग प्राचार्य उमराणींना बोलावणं गेलं. प्राचार्य मूळचे मराठीचे. रसायनशास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण शब्दांवर त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी नळी घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “अहो, वाद कसला यात? पीतवर्णाच्या छटा किती! लिंबोणी, हळदी, सोनसळी, केतकी, केशरी. केशर दुधात घातलं की दूध कसं दिसतं?”

“पिवळं,” खळदकर सर म्हणाले.

“झालं तर मग. हा केशरी-पिवळा. अंती पिवळाच.”

“सर, संत्रं पिवळं असतं का?” मी विचारलं.

“काही संत्री असतात,” प्राचार्य म्हणाले.

ठोंबरे सरांना मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. ते म्हणाले, इथला उजेडच खोटा आहे, बाहेर चला. आम्ही सगळे व्हरांड्यात गेलो. उन्हात नळी अशी पेटली की खळदकर सरांनी झटकन हात आडवा धरून सावली केली. सावलीतही काही फरक पडेना. मग ठोंबरे सर म्हणाले, मागे पांढरी भिंत नको, रंग उठून दिसतो. मागे काहीतरी पिवळं धरा. पिवळं काय धरायचं? आत परीक्षकांसाठी केळी ठेवली होती, त्यातलं एक आणलं. केळ्यासमोर धरल्यावर तर नळीतलं ते आणखीच लाल दिसायला लागलं. प्राचार्यांनी केळं खाऊन टाकलं.

“याचा एकच अर्थ आहे,” खळदकर सर म्हणाले. आता त्यांचा आवाज घरगुती राहिला नव्हता. “मी दिलेलं रसायन शिशाचंच होतं. हिने त्यात बाहेरून काहीतरी मिसळलंय. वेगळेपणा दाखवायला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. परीक्षेत बाहेरचं रसायन आणणं म्हणजे कॉपी केस. नुसता फर्स्ट क्लास गेला नसता, परीक्षाच गेली असती, आणि वडिलांच्या डेपोत ती बातमी पहिल्या गाडीने पोचली असती.

“सर, मी काहीही आणलेलं नाही. माझं दप्तर बघा.”

“वापरून झाल्यावर दप्तरात काय राहणार?” ठोंबरे सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा शांती दिसत होती. एक मुलगी चोर ठरली की बाकीचे सगळे साव ठरत होते. “खळदकर, एका चांगल्या विद्यार्थ्याची साक्ष घेऊ. नियमाने होऊ द्या.”

चांगला विद्यार्थी म्हणून अर्थातच यशोधन बाहेर आला. त्याचा कागद खळदकर सरांच्या हातात होता: साका पिवळा, म्हणून शिसे.

“रणनवरे, तुमच्या नळीत कोणता रंग आला?”

यशोधनने माझ्याकडे बघितलं. मी रडत नव्हते, पण रडल्यासारखी दिसत असणार.

“पिवळा, सर,” तो म्हणाला.

“बघा!” खळदकर सर म्हणाले.

“संपलं,” ठोंबरे सर म्हणाले आणि घड्याळ बघितलं. “लिहा, गैरप्रकार.”

यशोधन आत गेला. मला वाटलं, गेला आता हा जेवायला. पण तो आपली नळी घेऊन परत आला आणि ठोंबरे सरांच्या हातातल्या माझ्या नळीला खेटून त्याने ती धरली.

“सर, या दोन्हीतला रंग सारखाच आहे का, एवढं सांगाल?”

दोन्ही नळ्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

“मला सारखाच दिसतोय,” यशोधन म्हणाला. “पण मला सगळंच सारखं दिसतं. मला रंग कळत नाहीत, सर. लाल, हिरवा, नारिंगी, पिवळा, मला त्यातला फरकच समजत नाही. खळदकर सरांनी काल सांगितलं म्हणून मी पिवळा लिहिला. आज तोडकरांनी नारिंगी सांगितलं होतं. तेच खरं असणार. त्यांचं गेल्या तीन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.”

व्हरांड्यात इतकी शांतता झाली की कारखान्याची चिमणी धुराबरोबर आवाजही करते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि त्याच शांततेत मला ती तीन वर्षं आठवली. “तोडकर, आला का रंग?” आम्ही हसत होतो, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांनी परीक्षा देत होता.

“थट्टा करता का?” ठोंबरे सर म्हणाले. त्यांनी खिशातून आपलं लाल पेन काढलं आणि प्राचार्यांच्या खिशातलं हिरवं पेन उपसलं. दोन्हींनी कागदावर एकेक रेघ ओढली. “यातली लाल कोणती?”

यशोधनने दोन्ही रेघा बघितल्या. “जाड ती तुमची, सर. तुम्ही दाबून लिहिता.”

“रंग! रंग विचारतोय मी!”

“तो नाही सांगता येत.”

आता खळदकर सरांचा चेहरा कोणत्या रंगाचा झाला होता ते मी सांगू शकते: राखेचा. कारण या मुलाला त्यांनी तीन वर्षं रसायनशास्त्रात पहिला नंबर दिला होता. गेल्या वर्षी एक्स्टर्नल म्हणून ठोंबरे सरच आले होते आणि ‘निरीक्षणशक्ती असामान्य’ असा शेरा त्यांनीच मारला होता. कथील-शिशाचा वाद आता कुणाच्याच डोक्यात राहिला नाही. बापूसाहेबांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरला. सांगायला गेलं तरी पंचाईत आणि न सांगितलं तरी पंचाईत. शेवटी प्राचार्यांनी ऑफिसातून कारखान्यावर फोन केला आणि ‘प्रकृती जरा नाजूक’ एवढंच सांगितलं.

त्यामुळे बापूसाहेब जीप भरधाव घेऊनच आले. धोतर सावरत पायऱ्या चढले आणि मुलगा उभा आहे हे बघून थबकले.

“काय झालं? चक्कर आली का पोराला?”

प्राचार्य ‘शास्त्रीय मतभेद’, ‘छटा’, ‘दृष्टिकोन’ असं काहीतरी बोलू लागले. बापूसाहेबांनी ते संपायची वाट बघितली नाही. ठोंबरे सरांच्या हातातून नळी घेतली.

“ह्याच्यावरनं भांडण? ह्ये तर शेंदरी हाय. मारुतीसारखं.”

“शेंदरीच!” प्राचार्य म्हणाले. “मीही मघापासून हेच सुचवत होतो.”

“नारिंगी, शास्त्रीय भाषेत,” ठोंबरे सर म्हणाले.

“किंचित तांबूस,” खळदकर सर म्हणाले.

“मग पिवळं कोण म्हणत हुतं?”

कुणीच म्हणत नव्हतं. सगळे एकमेकांकडे अशा कुतूहलाने बघायला लागले की असा मूर्ख माणूस आपल्यात आला कुठून.

“मी म्हणालो, बापू,” यशोधन म्हणाला.

“तू? तुला दिसंना का?”

“नाही दिसत.”

आणि त्याने पुन्हा एकदा सगळं सांगितलं. यावेळी त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. बापूसाहेब ऐकत राहिले. माणूस दांडगा, पण ऐकताना हळूहळू व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

“आरं, जीप चालवतूस की तू. पुण्यात सिग्नलला काय करतूस?”

“वरचा दिवा लागला की थांबतो. खालचा लागला की जातो.”

“आईला म्हाईत हाय?”

“लहानपणापासून. माझे कपडे तीच जोड लावून काढून ठेवते.”

“म्हंजी मलाच तेवढं सांगितलं न्हाई.”

“तुम्हाला कारखान्याच्या डिस्टिलरीला घरचा केमिस्ट पाहिजे होता,” यशोधन म्हणाला. “तुम्ही पाव्हण्यारावळ्यांत सांगूनसुद्धा टाकलं होतं.”

बापूसाहेबांनी नळी दोन्ही हातांत धरली होती. ती ते उगीच फिरवत होते. त्या एका क्षणापुरतं त्यांच्या आजूबाजूला संस्थाही नव्हती आणि कारखानाही नव्हता. मग ते उठले, त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ह्या पोरीचं वाटोळं हूता कामा नये. बाकी काय करायचं ते तुम्ही शिकल्याली माणसं बघा. आन् जेवून घ्या, निवतंय.”

जेवण झाल्यावर ठोंबरे सरांनी सगळ्या वर्गाला कोरे कागद वाटले. तांत्रिक कारणास्तव परीक्षा पुन्हा होत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि दोनदा खोकले. सगळ्यांनी ‘कथील’ लिहिलं, ‘नारिंगी’ लिहिलं, आणि बऱ्याच जणांनी ‘किंचित तांबूस’सुद्धा लिहिलं. नळ्या कुणी हातात घेतल्या नाहीत. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

निकालाचं इथेच सांगून टाकते. सगळा वर्ग उत्तम मार्कांनी पास झाला, मी सोडून. मी जेमतेम पास झाले. मी विचारायला गेले तेव्हा खळदकर सरांनी मला कारण समजावून सांगितलं: माझं उत्तर वर्गातल्या इतर सगळ्यांच्या उत्तरांशी शब्दशः जुळत होतं, त्यामुळे परीक्षकांना नकलेचा संशय आला. सर्वांत जास्त मार्क यशोधनला. त्याने दुसऱ्या कागदावर फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘मला रंग दिसत नाही. तोडकर नारिंगी म्हणतात.’ त्याला शास्त्रीय प्रामाणिकपणाचे पैकीच्या पैकी मिळाले. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी ‘रंगांवर मात करणारा रसायनतज्ज्ञ’ म्हणून त्याचा सत्कार ठेवला. तो सत्काराला आलाच नाही. पुण्याला वकिलीला नाव घालायला गेला होता. डिस्टिलरीला बापूसाहेबांनी बाहेरचा केमिस्ट आणला.

माझा फर्स्ट क्लास गेला. घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “रंग कोणता होता पण?”

“नारिंगी.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग जा तू एम.एस्सी.ला. पुण्यात नाही घेणार, तर कोल्हापूरला बघू.”

आणि मी कोल्हापूरला गेले. पुढे सगळा जन्म रसायनांतच गेला, पण ते वेगळं.

मला सांगायची आहे ती त्या दिवशीची संध्याकाळ. परीक्षा आटोपून मी सायकल काढत होते. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. यशोधन फाटकापाशी एकटाच उभा होता. जीप नव्हती, बापूसाहेब त्याला न घेताच गेले होते, किंवा हाच नको म्हणाला असेल.

“तुम्ही कशाला बोललात?” मी विचारलं. “तुमचा कागद बरोबर धरला होता त्यांनी.”

“तुमच्यावर आळ घेत होते.”

“आधी तुम्हीसुद्धा पिवळाच म्हणालात की.”

“हो. तेव्हा घाबरलो होतो.” त्याने पायाने रस्त्यावरचा खडा उडवला. “तोडकर, एक विचारू? हसणार नाही ना?”

“विचारा.”

“नारिंगी कसा असतो?”

दिवसभर ज्या रंगासाठी मी सगळ्या कॉलेजशी भांडले होते, त्याबद्दल मला एक वाक्य सुचेना. “पिवळ्यात थोडा लाल…” असं म्हणून मी थांबले. त्याला ते काय उपयोगाचं? समोर बांधावर पळस फुलला होता. “तो पळस दिसतोय ना?”

“झाड दिसतंय. फुलं आहेत का त्याला?”

मी सायकल स्टँडवर लावली आणि विचार करायला लागले. बैलगाड्या पुढे सरकत होत्या. उसाचा वास येत होता.

“तुमच्या शेतावर गुऱ्हाळ आहे ना?”

“आहे की.”

“चुलवाणापाशी उभं राहिलं की तोंडावर धग येते. भाजत नाही, पण पाय आपोआप एक पाऊल मागे येतो. आणि तरी तिथून हलावंसं वाटत नाही.”

“हां.”

“तसा असतो नारिंगी.”

तो ते डोळे मिटून बघत असल्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, “आणि पिवळा?”

“पिवळा म्हणजे थंडीतलं सकाळचं ऊन. पाठीवर घेतो ते.”

त्याने मान डोलावली. पुन्हा एकदा डोलावली. आणि मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

“पण मग तोडकर,” तो अगदी मनापासून म्हणाला, “या दोन्हीत घोटाळा होईलच कसा कुणाचा?”